फळ्यावरचे यज्ञेश्वरबुवा

"‘ज्ञ’चं पोट सुटलंय," आप्पा खालून म्हणाले. "जेवून उठल्यासारखा दिसतोय. जरा आवळ."

मी स्टुलावर उभी होते आणि आप्पा, म्हणजे माझे सासरे, उजवा हात प्लॅस्टरमध्ये गळ्यात अडकवून रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते. सत्त्याण्णव सालचा डिसेंबर. सांगलीत कृष्णाकाठी हिवाळ्यात असं धुकं पडतं की समोरून येणारा माणूस आधी खोकल्यावरून ओळखावा लागतो. त्या धुक्यात, बुधवारी सकाळी साडेसहाला, मी फळा लिहायला शिकत होते.

फळा म्हणजे श्रवण मंडळाचा फळा. गावभागातल्या, म्हणजे जुन्या सांगलीतल्या शाळेच्या भिंतीवर, फाटकाशेजारी टांगलेला. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये मंडळाचं गाणं व्हायचं आणि त्याची वर्दी हा फळा द्यायचा. मंडळाचं नाव अगदी योग्य होतं. सभासदांपैकी कोणी कधी दोन ओळी गुणगुणल्याचंही ऐकिवात नव्हतं. ते फक्त ऐकायचे, आणि ऐकून झालं की कुठं काय चुकलं ते पुढच्या दुसऱ्या रविवारपर्यंत बोलायचे.

एकोणसाठ सालापासून फळा आप्पांकडे होता. साखरेच्या पाण्यात भिजवलेला खडू, म्हणजे अक्षर दवानं ओघळत नाही आणि जाता-येता कोणाच्या बाहीनं पुसत नाही. ओलं फडकं घेऊन घासावंच लागतं. त्यांचा नियम एकच होता. लिहिलेला कार्यक्रम होईपर्यंत फळा पुसायचा नाही. आणि मंडळाची रीत अशी की गाणं झालं की कलाकारानं बाहेर यायचं, फडकं घ्यायचं आणि स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव पुसायचं. भलेभले गवई अंगावर शाल घेऊन त्या फळ्यापुढं टाचा उंचावून उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

अडतीस वर्षांत फळा एकदाही चुकला नव्हता, म्हणजे लिहिलेलं गाणं झालं नाही असं घडलं नव्हतं. पण मंडळाचे नवे अध्यक्ष, वकील जयपाल नांद्रेकर, यांना तो नकोसा झाला होता. त्यांना कार्यक्रमाची जाहिरात केबल टीव्हीवर पट्टी फिरवून करायची होती. बैठकीत बरीच वादावादी झाली आणि शेवटी ठराव झाला, की फळा ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी उतरवायचा. त्यानंतर दिवाळीच्या तोंडावर आप्पा स्टुलावरून पडले आणि मनगट मोडून बसले. नांद्रेकर घरी पेरू घेऊन भेटायला आले आणि फार अदबीनं म्हणाले, की आता आप्पांना विश्रांती द्यायला हवी. ते गेल्यावर आप्पा त्या पेरूंकडे बराच वेळ बघत बसले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून फळा हे त्यांचं दाढी करण्याचं एकमेव कारण होतं. मी म्हटलं, मी लिहिते.

मी शाळेत चित्रकला शिकवत होते, त्यामुळं हे सोपं जाईल असं मला वाटलं होतं. आप्पांनी माझा पहिला फळा पाहिला आणि म्हणाले, ही चित्रं आहेत, अक्षरं नाहीत. डिसेंबरचा कलाकार अजून ठरला नव्हता, फळा कोराच होता. तेव्हा लोक उठायच्या आत रोज सराव करायचा असं ठरलं, आणि सरावाला अवघड जोडाक्षरं घ्यायची. म्हणून मी एक नाव रचलं. ‘रविवार, दि. १४ डिसेंबर. सकाळी साडेआठ. गायन: यज्ञेश्वरबुवा क्षत्रे.’ एका नावात ज्ञ, श्व, क्ष आणि त्र. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

सरावाचं पुसायला ओलं फडकं हवं होतं, ते घरी राहिलं होतं. घर दोन गल्ल्या सोडून. मी आप्पांना हाताला धरून चहाला घेऊन गेले, फडकं भिजवलं आणि परत आले. मध्ये फार तर पंधरा मिनिटं गेली असतील. फळ्यापुढं कानटोपी घातलेले मामलेदार हर्डीकर उभे होते. ते निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती, पण गाव त्यांना मामलेदारच म्हणायचं. मंडळात त्यांचं मत सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्यानं पडायचं. ते खिशातल्या डायरीत वेळ उतरवून घेत होते.

"अखेर आणलंत म्हणायचं बुवांना," ते म्हणाले.

"कुणाला?"

"यज्ञेश्वरबुवांना. हुबळीला ऐकलंय मी, अडुसष्ट साली. तोडी गायले होते. तशी तोडी परत कानावर आली नाही."

त्यांनी डायरी मिटली, एक क्षण डोळेही मिटले, आणि ते धुक्यात निघून गेले. माझ्या हातातल्या फडक्याचं पाणी माझ्याच पावलावर गळत होतं.

मी फळा न पुसताच घरी पळाले. सासूबाई चुलीवर पाणी तापवत होत्या. त्या म्हणाल्या, जा आणि पुसून टाक, कोण बघतंय. आप्पांनी मात्र बशी खाली ठेवली आणि मामलेदारांनी वाचलं का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं.

"मग ते लिहिलेलं झालं," ते म्हणाले. "आता कार्यक्रम झाल्याशिवाय पुसायचं नाही."

"पण आप्पा, असा माणूसच नाही."

"ते बघणं आपल्याकडं नाही. आपल्याकडं फळा आहे."

मी सासूबाईंकडं पाहिलं. त्यांनी लाकूड आत सरकवलं आणि ह्यांना पुसलेलं सोसत नाही, असं चुलीला सांगितलं.

आता कोणी विचारेल, की मंडळात कोणालाच कसं कळलं नाही. त्याचं कारण मंडळाच्या कारभारात होतं. कलाकार कोणी बोलवायचा याची रीतच नव्हती. ज्याच्याकडं पत्ता असेल त्यानं पोस्टकार्ड टाकायचं आणि आप्पांना येऊन सांगायचं, एवढीच पद्धत. त्यामुळं प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कोणीतरी टाकलं असणार. हे बुवा कोण, असं विचारायची कोणाची प्राज्ञा नव्हती. ज्यांची तोडी मामलेदारांनी अडुसष्ट साली ऐकली ते आपल्याला माहीत नाहीत, हे सांगलीच्या गावभागात कबूल करायचं म्हणजे रस्त्यात धोतर सुटल्यापैकीच होतं.

संध्याकाळपर्यंत बुवांचं घराणं ठरलं. गुरुवारी सकाळी त्या घराण्यावरून दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, बुवांचा आवाज आता गेला, ऐकायचे ते सत्तर सालाआधीच. दुसरा तट म्हणे, आवाज जाऊ द्या हो, गाणं आत्ता कुठं पिकलंय. बाजारात हरभऱ्याचा ढाळा घेत असताना माझ्या शेजारी दोन सद्गृहस्थ यावरून इतके तावातावानं भांडले, की भाजीवालीनं दोघांना बाजूला उभं राहून भांडायला सांगितलं. उषाताई आवटी आमच्या घरी येऊन सांगून गेल्या, की रविवारी बुवांसाठी हळदीचं दूध त्या आणतील. बुवा गायच्या आधी दुसरं काही घेत नाहीत. हे त्यांना कसं माहीत, असं मी विचारलं नाही. एव्हाना मला विचारायचीच भीती वाटायला लागली होती.

गुरुवारी दुपारी गुरवमास्तर आले. मंडळात पेटीची साथ तेच करायचे. उंबऱ्याच्या आत न येताच त्यांनी सांगितलं, की यज्ञेश्वरबुवांच्या गाण्याला ते पेटीवर बसणार नाहीत.

"का हो मास्तर?"

"इचलकरंजीला भर मैफलीत त्यांनी माझी पेटी बंद करायला लावली. चार माणसांत. मी इसरल्यालो न्हाई."

कधी झालं हे, असं मी विचारलं.

"साल कशाला पायजे? अपमानाला साल असतंय व्हय?"

मी बुवांच्या वतीनं त्यांची माफी मागितली. दुसरं काय करणार? सगळ्या गावात बुवांची त्यातल्या त्यात जवळची नातेवाईक मीच होते. मास्तरांनी माफी ऐकून घेतली, पण विचार करून सांगतो म्हणाले आणि मान ताठ ठेवून गेले.

शुक्रवारी केबलवर पट्टी आली. सिनेमाच्या गाण्याखालून हळूहळू सरकत गेली: ‘मंडळाचे अध्यक्ष ॲड. नांद्रेकर यांच्या खास आग्रहावरून यज्ञेश्वरबुवा क्षत्रे यांचे गायन.’ ती वाचली आणि मला धडकीच भरली. नांद्रेकर खोटं कशाला बोलतील? वकील माणूस. त्या रात्री मी अंथरुणात उठून बसले आणि नवऱ्याला हलवून विचारलं, की असे कोणी बुवा खरंच असतील का रे? तो म्हणाला, नाव ऐकल्यासारखं वाटतंय.

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर आप्पांनी मला स्टेशनवर जायला सांगितलं. उद्या कार्यक्रम आहे, कलाकाराला उतरवून घ्यायला कोणी नको का? मी त्यांच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. थट्टा नव्हती. दाढी केलेली होती, पांढरा सदरा घातलेला होता. मला नाही म्हणवेना.

सांगली स्टेशनवर मिरजेकडून पुण्याला जाणारी गाडी यायला अवकाश होता. फलाटावर एका बाकाशी नांद्रेकर वकील उभे होते, हातात पिशवी आणि पिशवीतून डोकावणारा शेवंतीचा हार. मला बघून ते दचकले.

"वहिनी, तुम्ही इकडं कशा?"

"बुवांना घ्यायला. तुम्ही?"

"मीच बोलावलंय की त्यांना. पत्र आलंय बुवांचं."

"काय लिहिलंय?"

"येतो म्हणून."

मग आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहिलो. थोड्या वेळानं त्यांनी घसा साफ केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की मी बुवांना बघून ओळखते ना? मी नाही म्हटलं, आणि ते ओळखतात का, असं विचारलं. नांद्रेकर म्हणाले, ते बुवांना पत्रावरून ओळखतात.

गाडी आली. एक शेतकऱ्याचं कुटुंब उतरलं, काही कॉलेजची पोरं उतरली आणि शेवटी गळ्याला मफलर गुंडाळलेले एक वयस्क गृहस्थ उतरले. आम्ही दोघंही एकदम पुढं झालो. नांद्रेकरांनी हार अर्धा बाहेर काढला. त्या गृहस्थांनी आम्हाला गणपतीच्या देवळाकडं जायला रिक्षा कुठं मिळेल ते विचारलं. आम्ही दोघांनी एकाच वेळी हात दाखवला.

गाडी निघून गेल्यावर नांद्रेकरांनी हार पुन्हा पिशवीत सारला. बुवा मिरजेला उतरले असतील, ते म्हणाले. तिथं तंबोरेवाल्यांकडं थांबायची त्यांची सवय आहे. मी मान हलवली. त्यांचा चेहरा पडला होता, आणि मला त्यांची जरा दया आली. ती फार वेळ टिकली नाही.

"पण वहिनी, एक सांगतो," ते स्टेशनच्या पायऱ्यांवर म्हणाले. "उद्या बुवा आले नाहीत, तर फळा चुकला असं होईल. ठराव आहे. मला वाईट वाटेल, पण उद्याच्या उद्या उतरवावा लागेल."

घरी येऊन मी मोरीत तोंड धुण्याच्या निमित्तानं रडले. मग आप्पांना जाऊन सांगितलं, की सकाळी मी सगळ्यांपुढं उभी राहीन आणि चूक माझी आहे, फळ्याची नाही, असं कबूल करीन. आप्पा डाव्या हातानं खडू साखरेच्या पाण्यात बुडवत होते.

"वेळ साडेआठची लिहिलीय ना?" ते म्हणाले. "मग साडेआठला बघू."

रविवारी धुकं इतकं दाट होतं की हॉल कुठं आहे ते लोक चपलांच्या आवाजावरून शोधत येत होते. आणि ते येतच राहिले. एरवी साठ-सत्तर माणसं असायची. त्या दिवशी तीनशे असतील. शाली, कानटोप्या, स्वेटरवर कोट. बुधगावहून, हरिपूरहून माणसं आली होती. व्यासपीठावर मिरजेचे दोन तंबोरे जुळवून ठेवले होते आणि शाळेतल्या दोन शिक्षिका ते छेडत बसल्या होत्या. उषाताईंच्या मांडीवर दुधाचा थर्मास होता. गुरवमास्तर पेटी पुढं घेऊन बसले होते; बुवांना माफ केलं, त्यांचंही वय झालं, असं त्यांनी मला येताना सांगितलं.

आप्पा नेहमीच्या जागी, म्हणजे दारात उभे होते. ते हॉलच्या आत कधीच बसायचे नाहीत. अडतीस वर्षं त्यांनी सगळी गाणी दारात उभं राहून, पायात चपला ठेवून ऐकली होती. फळ्यावर लक्ष राहतं, असं ते सांगायचे.

साडेआठ वाजले. नांद्रेकर उठले आणि त्यांनी बुवांची ओळख करून द्यायला सुरुवात केली. ती चाळीस मिनिटं चालली. त्यात बुवांचा जन्म झाला, ते घरातून पळून गेले, गुरूच्या घरी नदीवरून पाणी भरलं, बारा वर्षं एकच राग घोटला आणि दोनदा टायफॉइडमधून उठले. लोक माना डोलवत होते. मध्ये मागून एकानं बुवांचं जन्मगाव चुकल्याचं सांगितलं, आणि नांद्रेकरांनी दिलगिरी व्यक्त करून ते बदललं. पण टायफॉइडच्या पुढं त्यांना काही सुचेना. ते सारखे दाराकडं बघत होते. दारात मी होते, आप्पा होते आणि धुकं होतं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी ते थांबले. हॉलमध्ये फक्त तंबोरे वाजत होते. मी दारातून एक पाऊल आत टाकलं, कबुली द्यायला तोंडही उघडलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून मामलेदारांचा आवाज आला. ते शेजारच्या डॉक्टरांना सांगत होते, की बुवा उशिरा येतात ते ठीक आहे, पण एकदा आले की षड्ज असा लावतात. आणि त्यांनी तो लावून दाखवला. डॉक्टर म्हणाले, छे, असा नाही, आणि त्यांनी आपला लावला. मामलेदार संतापले. तंबोऱ्याजवळ बसल्याशिवाय काय कळणार तुम्हाला, असं म्हणून ते काठी टेकत उठले, थेट व्यासपीठावर जाऊन बसले आणि त्यांनी डोळे मिटून आ लावला. घशात कफ होता, पण सूर तंबोऱ्याच्या आसपास होता.

ते संपेपर्यंत डॉक्टर वर पोचले होते. डॉक्टरांचं संपतंय तोवर उषाताई थर्मास घेऊन गेल्या. त्यांना बुवांची एक मुरकी सर्वांनी चुकीची सांगितलेली सहन झाली नाही. मग जन्मगाव दुरुस्त करणारा तो मागचा गृहस्थ. मग सराफकट्ट्यावरचे दोघे भाऊ, ज्यांचं आपसांत बोलणं नव्हतं. गुरवमास्तर प्रत्येकाला साथ देत होते आणि मधून मधून, बुवा हे काळी चारच्या पट्टीत घ्यायचे, असं मोठ्यानं जाहीर करत होते. पाऊण तास झाला, तास झाला. प्रत्येक जण बुवा कसे गायचे ते दाखवायला वर जात होता आणि खाली यायला तयार नव्हता. जन्मभर दुसऱ्यांच्या गाण्यातल्या चुका काढणारी माणसं पहिल्यांदाच स्वतः चुकत होती, आणि त्यांना ते आवडायला लागलं होतं. मामलेदार दुसऱ्यांदा रांगेत उभे होते. उषाताईंनी हळदीचं दूध सगळ्यांना झाकणातून थोडं थोडं पाजलं. नांद्रेकर वकीलसुद्धा गायले. त्यांचा आवाज फार गोड होता, हे कोणालाच माहीत नव्हतं, बहुतेक त्यांनाही नाही.

शेवटी वाद अंतऱ्यावर येऊन अडला. बुवा अंतऱ्याला कसे जायचे? आणि इथं पहिल्यांदाच कोणाला काही सांगता येईना. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. तंबोरे चालू होते.

माझ्या शेजारी काहीतरी हललं. मी वळून पाहिलं तर आप्पा दारात नव्हते. उंबऱ्याशी त्यांच्या चपला होत्या, दोन्ही नीट शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या.

ते गळ्यातला हात सांभाळत, माणसांमधून वाट काढत वर गेले. मामलेदारांनी सरकून जागा दिली. आप्पा मांडी घालून बसले आणि समोर न बघता बोलले.

"बुवांना मी कधी ऐकलेलं नाही. ते कसे गायचे मला ठाऊक नाही. मी माझं गातो."

आणि ते देसकार राग गायला लागले. मला लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती, पण आप्पांना गाता येतं हे मला माहीत नव्हतं. आवाज खरखरीत होता, वर जाताना फाटत होता, दोनदा तर पुरताच तुटला. पण गाणं सगळं होतं. एकही जागा ते शोधत नव्हते. सगळ्या जागा ठरलेल्या होत्या, पाठ होत्या, फक्त तिथवर पोचायला गळा पुरत नव्हता. गुरवमास्तरांनी पेटी इतकी हळू केली की ती ऐकू येईना, आणि बुवांचं नाव घेणं सोडून दिलं. सासूबाई माझ्या मागं येऊन उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड धरला होता.

"एकोणसाठ सालचं आहे हे," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून घरात कधी काढलं नव्हतं."

आप्पा अंतऱ्याला गेले, वरच्या षड्जावर आवाज फाटला, आणि ते त्या फाटलेल्या आवाजातच तिथं थांबून राहिले. मला रडू आवरेना. वीस-पंचवीस मिनिटांनी ते थांबले तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मामलेदारांनी कानटोपी काढली होती आणि तिनं ते डोळे पुसत होते.

"असंच," ते म्हणाले. "अगदी असंच गायचे बुवा."

बाहेर ऊन पडलं होतं. सगळी मंडळी रीतीप्रमाणे फळ्यापुढं जमली. नांद्रेकरांनी माझ्याकडून ओलं फडकं मागून घेतलं आणि ते हातात धरून उभे राहिले. नाव कोण पुसणार? ज्याचं होतं तो आलाच नव्हता. ठराव सगळ्यांना आठवत होता. कोणीतरी हळूच त्याचं नाव काढलंही. नांद्रेकर एकदा फळ्याकडं बघत होते, एकदा आप्पांकडं. मग ते गर्दीतून पुढं आले आणि त्यांनी फडकं आप्पांपुढं धरलं.

"पुसा, आप्पा," ते म्हणाले. "तुमचंच आहे."

आप्पांनी ते डाव्या हातात घेतलं. फळा उंच होता. मी स्टूल धरलं, नांद्रेकरांनी आप्पांना धरलं. त्यांनी वरून सुरुवात केली. आधी तारीख पुसली, मग वेळ. मग ते ‘गायन’ या शब्दापाशी थांबले.

"जयपाल," ते म्हणाले, "एकोणसाठ साली इथं माझं नाव होतं. पहिलंच गाणं होतं माझं. आदल्या दिवशी एक मोठे गवई मिरजेला गाडी चुकून अडकले, म्हणून सकाळी तुझ्या वडिलांनी, तेव्हा मंडळ तेच बघायचे, माझं पुसून त्यांचं लिहिलं. बरोबरच होतं त्यांचं. गाणं फार सुंदर झालं त्या दिवशी. मी दारातून ऐकलं."

नांद्रेकरांनी आप्पांच्या कमरेची पकड आणखी घट्ट केली.

आप्पांनी फडकं फळ्यावर टेकवलं आणि माझं ज्ञ, श्व, क्ष, त्र सगळं सावकाश पुसलं. खडू साखरेचा होता, तीन-तीनदा घासावं लागलं. डाव्या हातानं वेळ लागत होता, पण मदत करायला कोणी पुढं झालं नाही. फळा काळाभोर झाल्यावर ते खाली उतरले, फडकं नीट घडी करून त्यांनी माझ्या हातात दिलं आणि चपला कुठं राहिल्या ते इकडं तिकडं बघू लागले.

"शैला," ते म्हणाले, "पुढच्या वेळी तारीख बोटभर मोठी काढ. रस्त्यावरून नाव वाचता येत होतं, तारीख येत नव्हती."